नेम धरल्यावर पाय थांबतात



या व्याख्यानमालेच्या गेल्या काही वर्षांच्या पत्रिका मी पाहिल्या. त्यांत संत आहेत, सहकार आहे, पाणीप्रश्न तर दोनदा आहे. यंदा व्हिडिओ गेम. विषय कळवल्यावर संयोजकांनी हळूच विचारलं होतं, याला काही सामाजिक अंग देता येईल का. मी नाही म्हटलं, आणि तरी त्यांनी पत्रिका छापली, हा त्यांचा मोठेपणा. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी कधी कंट्रोलर हातात धरला नसेल, आणि उरलेल्या निम्म्यांना मी सांगतो त्यातलं बरंच ठाऊक असेल. मी पहिल्या निम्म्यांशी बोलणार आहे. दुसऱ्यांनी चुका टिपायला वही उघडून ठेवावी.

विषय तसा अरुंद आहे. ॲक्शन हॉरर नावाचा गेमचा एक प्रकार आहे: त्यात भीतीही वाटली पाहिजे आणि हातात बंदूकही असते. अशा खेळात पात्राने चालायचं कसं, वळायचं कसं, नेम धरायचा कसा, हे कशावरून ठरतं? झॉम्बींची रूपं, रक्त, पार्श्वसंगीत यांबद्दल मी जवळजवळ काहीच बोलणार नाही. माझ्या मते या प्रकारातली निम्म्याहून जास्त भीती पात्राच्या दोन अवस्थांमधल्या फटीतून येते. चालणं ही एक अवस्था, नेम धरणं ही दुसरी. एकीतून दुसरीत जायला किती वेळ लागतो आणि जाताना काय सोडून द्यावं लागतं, हे ज्याने नीट बसवलं त्याला राक्षस थोडा बेंगरूळ असला तरी चालतो.

सुरुवात 1996 पासून करू. त्या वर्षी 22 मार्चला जपानच्या कॅपकॉम कंपनीने सोनीच्या प्लेस्टेशनसाठी 'बायोहझार्ड' आणला. जपानबाहेर तो 'रेसिडेंट इव्हिल' या नावाने गेला. दिग्दर्शक होते शिंजी मिकामी. कॅपकॉमच्याच 1989 सालच्या 'स्वीट होम' या खेळाचं नवं रूप करायचं, अशा विचाराने काम सुरू झालं होतं. झाडीतला एक प्रचंड बंगला, त्यात अडकलेले ख्रिस आणि जिल हे पोलिसांच्या खास पथकातले दोघे, आणि दाराआड फिरणारी मेलेली माणसं. दोघांपैकी एक आपण निवडायचा.

त्या काळच्या प्लेस्टेशनला इतका तपशीलवार बंगला क्षणोक्षणी त्रिमितीत रंगवणं झेपणारं नव्हतं. म्हणून खोल्या आधीच रंगवून स्थिर चित्रं म्हणून साठवल्या, आणि त्या चित्रांवर त्रिमितीतली पात्रं हलवली. फ्रान्समध्ये फ्रेडरिक रेनाल यांनी 1992 च्या 'अलोन इन द डार्क'मध्ये हाच मार्ग काढला होता. चित्र स्थिर म्हटल्यावर कॅमेराही स्थिर आला. पात्र खोलीत थोडं पुढे गेलं की दृश्य एकदम बदलतं: आता वरच्या कोपऱ्यातून, आता जमिनीलगत, आता कॉरिडॉरच्या पलीकडच्या टोकाकडून.

इथे अडचण उभी राहते. तेव्हाच्या प्लेस्टेशन कंट्रोलरवर अंगठ्याने फिरवायच्या स्टिक नव्हत्या, चार दिशांची बटणं होती. 'वर' दाबलं की पात्र पडद्यावर वरच्या बाजूला जाईल, असा नियम केला तर कॅमेरा बदलताच घोटाळा होतो. अलीकडच्या कॅमेऱ्यातून 'वर' म्हणजे पुढे, पलीकडच्या कॅमेऱ्यातून तेच 'वर' म्हणजे उलट मागे. पळता पळता पात्र गर्रकन फिरेल आणि ज्याच्यापासून पळत होतं त्याच्याच मिठीत जाऊन पडेल. उपाय असा निघाला की दिशा पडद्याच्या न धरता पात्राच्या धरायच्या. अरुंद गल्लीत ट्रक मागे घेताना क्लीनर ओरडतो, 'येऊ दे, येऊ दे, डावीकडे काप', तेव्हा ती डावी बाजू ड्रायव्हरची असते, कट्ट्यावर बसून बघणाऱ्यांची नव्हे. इथेही तेच. 'वर' म्हणजे पात्राचं तोंड असेल तिकडे, 'खाली' म्हणजे पाठीमागे एकेक पाऊल, आणि 'डावीकडे-उजवीकडे' दाबलं तर जागच्या जागी वळायचं. कॅमेरा कितीही वेळा बदलो, पळणारा पळतच राहतो. खेळाडूंनी या पद्धतीला टँक कंट्रोल म्हणायला सुरुवात केली, आणि त्या नावात कौतुक फारसं नव्हतं.

आता याचे परिणाम पाहा. मागे वळायचं तर पात्राला जागेवर उभं राहून अर्धवर्तुळ फिरावं लागतं. बाजूला सरकता येत नाही. नेम धरायचा तर खांद्याकडचं एक बटण दाबून ठेवायचं, आणि ते दाबल्याबरोबर पाय जमिनीला चिकटतात. मग तीच दिशेची बटणं नळी वर-खाली करतात आणि शरीर डावी-उजवीकडे वळवतात. गोळीचं बटण वेगळं. म्हणजे झॉम्बी दिसला की क्रम असा: थांबा, वळा, बंदूक उचला, मग मारा. पळायचं ठरवलं तर बंदूक खाली, वळा, पळा. झॉम्बी हळू चालतो, पण तुम्हीही सावकाशीनेच तयार होता. खिशात मोजकंच सामान मावतं, ख्रिसला सहा वस्तू आणि जिलला आठ, त्यामुळे प्रत्येक गोळी मोजून वापरायची. ती वापरायची की वाट वाकडी करून निसटायचं, हा निर्णय दर कोपऱ्यावर घ्यावा लागतो आणि घेतला की बदलता येत नाही.

यातलं किती ठरवून केलेलं होतं आणि किती यंत्राच्या गरिबीतून आलं, यावर गेम खेळणाऱ्यांत अजूनही तावातावाने वाद होतात. मला तो वाद फार फलदायी वाटत नाही. स्थिर कॅमेऱ्याने टँक कंट्रोल भाग पाडला हे उघड आहे. पण झॉम्बीची चाल, कॉरिडॉरची रुंदी आणि गोळ्यांची संख्या त्या अडखळत्या शरीराला जुळवून घेतलेली आहे, हेही तितकंच उघड आहे. वाड्यातल्या कित्येक वाटा इतक्या अरुंद आहेत की झॉम्बीला वळसा घालून जाणं जेमतेम शक्य होतं. रुंद ठेवल्या असत्या तर तो खेळ फेरफटका झाला असता.

हे तपासून बघायची संधी पुढे आपोआप मिळाली. मिकामींनी याच खेळाची नवी आवृत्ती 2002 मध्ये गेमक्यूब या यंत्रासाठी केली, आणि ती 2015 मध्ये नव्या यंत्रांवर आली तेव्हा सोबत आधुनिक नियंत्रणाचा पर्याय दिला. स्टिक जिकडे ढकलाल तिकडे पात्र पडद्यावर जातं, वळायला वेळ लागत नाही. कॅमेरा बदलला तरी स्टिक सोडेपर्यंत आधीचीच दिशा कायम राहते, म्हणजे तो जुना घोटाळाही चतुराईने टाळला आहे. खोल्या त्याच, झॉम्बी तेच, गोळ्याही तेवढ्याच. आणि खेळ सोपा झाला. झॉम्बीच्या हाताखालून भुर्रकन निसटता येऊ लागलं, कारण त्या झॉम्बीचा हात किती लांब आणि किती सावकाश यावा हे दुसऱ्याच कुणाच्या पायांवरून मोजलं होतं. नव्या मुलांना तो पर्याय दिला हे चांगलंच झालं, नाहीतर त्यांनी पहिल्या खोलीतच खेळ सोडला असता. पण पात्राचे पाय आणि शत्रूचे पाय ही एकाच हिशेबाची दोन अंगं आहेत, हे तिथे स्वच्छ दिसलं.

थोडं विषयांतर करतो. संगणकाच्या जगात लॅरी टेस्लर नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रात त्यांनी काम केलं; कट, कॉपी, पेस्ट आपण रोज करतो, त्याचं मोठं श्रेय त्यांच्याकडे जातं. त्यांचा वैरी होता मोड. एकच बटण एका अवस्थेत एक काम करतं आणि दुसऱ्या अवस्थेत दुसरं, मग माणूस आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे विसरतो आणि नको ते होऊन बसतं. कॅप्स लॉक चालू राहिल्याने पासवर्ड चुकतो, तो यातलाच प्रकार. टेस्लरसाहेबांच्या मोटारीच्या नंबरप्लेटवरही 'नो मोड्स' असं होतं. सगळ्या चांगल्या सॉफ्टवेअरने त्यांचं ऐकलं, आणि ऐकायलाच हवं होतं. बँकेच्या ॲपमध्ये भीती वाटता कामा नये.

भयाच्या खेळाने मात्र तोच वैरी घरात आणून बसवला. 'अलोन इन द डार्क'मध्ये तर मारामारी करायची असेल तर आधी यादी उघडून 'लढा' हा पर्याय निवडावा लागे, मगच दिशेची बटणं ठोसे-लाथांची होत. तो अतिरेक होता, पण मूळ कल्पना पुढे सगळ्यांनी ठेवली: हातातलं शरीर एका वेळी एकाच कामाचं असेल. पळणारं शरीर मारू शकत नाही आणि मारणारं पळू शकत नाही. हे विसरून जाणं हीच इथली चूक, आणि घाबरलेला माणूस नेमकं तेच विसरतो.

आता 2005 कडे येतो, आणि इथे मी रेंगाळणार आहे, कारण या विषयात 'रेसिडेंट इव्हिल 4' इतकं शिकण्यासारखं दुसरीकडे नाही. पुन्हा मिकामी. कित्येक कच्चे आराखडे टाकून दिल्यावर हा खेळ उभा राहिला. त्यांतल्या एकाचं तर 'डेव्हिल मे क्राय' नावाचं स्वतंत्र घराणंच झालं. शेवटी कॅमेरा भिंतीवरून उतरला आणि लिऑन केनेडी या नायकाच्या पाठीमागे, उजव्या खांद्याशी येऊन उभा राहिला. नेम धरला की तो आणखी जवळ सरकतो. त्यानंतर आलेल्या बंदुकीच्या खेळांपैकी किती जणांनी हा खांदा उचलला, ते मोजायला बसलं तर रात्र होईल.

कॅमेरा आधुनिक झाला, पण शरीर जुनंच ठेवलं. लिऑनला बाजूला सरकता येत नाही. नेम धरला की पाय थांबतात. हे नुसत्या हट्टापायी केलेलं नाही, हे गेमक्यूबचा कंट्रोलर हातात घेतल्यावर कळतं. डाव्या अंगठ्याखालची स्टिक चालताना लिऑनला चालवते, आणि नेम धरल्यावर तीच स्टिक बंदुकीचा लाल किरण हलवते. एकच अंगठा दोन मालकांचा नोकर आहे, आणि मालक बदलल्याशिवाय दुसऱ्याचं काम करत नाही.

मग या खेळातल्या खुल्या गावात, चहूबाजूंनी कोयते आणि कुऱ्हाडी घेऊन येणाऱ्या माणसांसमोर असा नायक टिकतो कसा? उत्तर शत्रूंच्या पायांत आहे. गावकरी लांबून धावत येतात, पण जवळ आले की वेग कमी करतात. शेवटची काही पावलं ते अक्षरशः चालत, हात उगारून येतात. वास्तवात हे हास्यास्पद आहे. खून करायला धावत आलेला माणूस दोन मीटरवर येऊन सावकाश का होईल? खेळताना मात्र हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण ती शेवटची पावलं म्हणजे खेळाडूला बंदूक उचलायला दिलेला वेळ आहे. आणि तो वेळ खेळाडूला सवलत वाटत नाही, धमकी वाटते. पाय थांबलेत, कॅमेरा खांद्याशी चिकटल्याने बाजूचं दिसत नाही, समोरचा एकेक पाऊल टाकत येतोय, आणि पाठीमागून कुणीतरी स्पॅनिशमध्ये पुटपुटतंय.

दुसरी करामत लाथेची. गावकऱ्याच्या डोक्यात किंवा गुडघ्यात गोळी लागली की तो झोकांडतो. त्या क्षणी त्याच्याजवळ गेलात तर पडद्यावर एक बटण उमटतं. दाबलं की लिऑन लाथ मारतो आणि ती आसपासच्या दोन-चार जणांनाही लागते. लाथ चालू असताना लिऑनला इजा होत नाही. आता हिशेब बघा. गोळ्या वाचवायच्या तर लाथ हवी. लाथ हवी तर नेमाची अवस्था सोडून धावत गर्दीकडे जायला हवं. म्हणजे सुरक्षिततेची जागा धोक्याच्या अगदी तोंडाशी ठेवली आहे. खेळाडू उभा राहतो, मारतो, सोडतो, धावतो, लाथ घालतो, एका इशाऱ्यासरशी पाठमोरा वळतो, पळतो, पुन्हा उभा राहतो. थांबणं आणि पळणं यांचा हा ठेका एकदा अंगात बसला की माणसं हा खेळ चार-पाच वेळा संपवतात. (पाठमोरं वळण्याची सोय कॅपकॉमने 1999 मध्येच, आधी 'डायनो क्रायसिस' आणि मग 'रेसिडेंट इव्हिल 3'मध्ये दिली होती. अर्धवर्तुळ फिरण्याची शिक्षा जरा जास्तच होती, हे तीन वर्षांत त्यांच्याही ध्यानात आलं असावं.)

याच खेळाची 2007 मध्ये निन्टेन्डोच्या वी या यंत्रावर आवृत्ती निघाली. तिथे कंट्रोलर पडद्याकडे रोखला की नेम. पाय तरीही थांबतातच, पण नेम बसवणं इतकं झटपट झालं की बराच ताण ओसरला. पुन्हा तोच धडा: अवस्थांमधली फट एका बाजूने आखडली, आणि शत्रू मात्र जुन्याच फटीसाठी मापलेले राहिले.

ऑक्टोबर 2008 मध्ये अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या रेडवुड शोअर्स स्टुडिओने 'डेड स्पेस' आणला आणि प्रश्न विचारला: नेम धरून चालता आलं तर भीती जाते का? नायक आयझॅक क्लार्क सैनिक नाही, अंतराळयानं दुरुस्त करणारा इंजिनिअर आहे, आणि अंगावर जड पोशाख आहे. नेम धरून तो चालू शकतो, मागे-बाजूला सरकू शकतो, पण सावकाश. धावायचं तर नेम सोडावा लागतो. भीती गेली नाही, कारण दुसऱ्या बाजूचा हिशेब बदलला. इथले राक्षस डोक्यात गोळी घालून नीट मरत नाहीत, त्यांचे हातपाय तोडावे लागतात. ते हातपाय काटकुळे, सतत फडफडणारे, आणि राक्षस वेगाने अंगावर येतात. पाय मोकळे ठेवले, पण नेमाचं काम अवघड करून ठेवलं. प्लाझ्मा कटर या पहिल्या हत्याराचं पातं उभं किंवा आडवं फिरवता येतं, त्यामुळे नेम धरलेल्या अवस्थेच्या पोटात आणखी एक छोटी अवस्था आहे. पाय तोडायचे तर आडवं, लटकता हात तोडायचा तर उभं. अंगावर येणाऱ्यासमोर हे ठरवताना जो विलंब होतो तो यंत्राचा नसतो, स्वतःच्याच डोक्याचा असतो.

सामानाची यादीही त्यांनी वेगळ्या पडद्यावर ठेवली नाही. ती आयझॅकच्या समोर हवेत उमटते आणि ती उघडली तरी खेळ थांबत नाही. उरलेली प्रकृती पाठीच्या कण्यावरच्या दिव्यांत दिसते. 'रेसिडेंट इव्हिल 4'मध्ये सामानाची ब्रीफकेस उघडली की जग थांबतं आणि माणूस निवांत डबे रचत बसतो. 'डेड स्पेस'मध्ये ती निवांत अवस्थाच काढून टाकली आहे.

आणि शून्य गुरुत्वाकर्षण. पहिल्या भागात अशा खोल्यांत आयझॅक तरंगत नाही; समोरच्या भिंतीवर नेम धरायचा आणि उडी मारायची, बूट तिथे चिकटतात, आणि जी भिंत होती ती जमीन होते. 2011 च्या दुसऱ्या भागात छोटं इंजिन देऊन त्याला मोकळं उडवलं. उडणं सुखाचं झालं, खोल्या मोठ्या करता आल्या. तरी मला पहिल्या भागातली उडीच जास्त घाबरवते. उडी मारल्यावर हवेत असताना काहीही करता येत नाही, आणि पलीकडे पाय टेकेपर्यंत छत कुठलं आणि जमीन कुठली हे नव्याने जुळवावं लागतं. सोयीच्या बाजूने बोलणारे मला इथे जुनाट म्हणतील. म्हणोत.

2009 चा 'रेसिडेंट इव्हिल 5' पहिल्या 'डेड स्पेस'नंतर आला आणि मधेच लटकला. बाजूला सरकण्याची सोय असलेले नियंत्रणाचे प्रकार त्यात दिले, पण गोळी झाडताना पाय थांबलेलेच. 'डेड स्पेस' खेळून आलेल्यांना ते जाचक वाटलं. 2012 च्या सहाव्या भागाने मग सगळेच बांध फोडले: चालता चालता गोळी, घसरत जाणं, लोळण, उताणं पडून मारणं, शिवाय ठोसे-लाथांवर खर्च होणारी दमाची पट्टी. एवढ्या हालचाली दिल्या की खेळ स्वतःच त्यांतल्या बऱ्याच नीट शिकवत नाही. कसबी खेळाडूच्या हातात ते पात्र बघण्यासारखं नाचतं, पण घाबरायला मात्र जागा उरत नाही. कुठल्याही अवस्थेतून कुठल्याही अवस्थेत उडी मारता येते, म्हणजे फटच बुजली.

या घोळातून बाहेर काढणारी युक्ती 2019 च्या 'रेसिडेंट इव्हिल 2'च्या नव्या आवृत्तीत आहे, आणि ती मला फार आवडते. इथे नेम धरून चालता येतं. पण चालत असाल तर नेमाच्या चार रेघा फाकलेल्या राहतात आणि गोळी भरकटते. उभे राहिलात तर त्या हळूहळू जवळ येतात, आणि पूर्ण जुळल्यावर सुटलेली गोळी जास्त जोराने लागते. 1996 मध्ये उभं राहणं हा हुकूम होता. 2019 मध्ये ते आमिष आहे. त्यावर झॉम्बी डोकं हलवत, लडखडत येतो, म्हणजे रेघा जुळेपर्यंत डोकं तिथून सरकलेलं असतं. खेळाडू आपणहून पाय थांबवतो आणि मग स्वतःलाच शिव्या घालतो. कान तेवढे तिखट असलेला लिकर नावाचा राक्षस दिसला की धावायचंही नाही, पाऊल न वाजवता सरकायचं. चालणं, धावणं, थांबणं, प्रत्येकाला वेगळा भाव लावला आहे.

आता आम्ही खेळ बनवणारे हे कागदावर कसं उतरवतो, ते थोडक्यात सांगतो. आधी अवस्थांची यादी होते: चालणं, धावणं, नेम, गोळ्या भरणं, पकडलं जाणं, जखमी होऊन लंगडणं. मग प्रत्येक जोडीसाठी तक्त्यात तीन गोष्टी लिहायच्या. या अवस्थेतून त्या अवस्थेत जायला किती वेळ? मधेच परत फिरता येतं का? आणि त्या काळात काय गमावतो: वेग, नजर की दोन्ही? समजा बटण दाबल्यापासून पहिली अचूक गोळी सुटायला 0.8 सेकंद लागतात आणि राक्षस सेकंदाला 3 मीटर येतो. म्हणजे 2.4 मीटर गेले. राक्षस दिसल्यापासून माणसाचं बोट हलेपर्यंत पाव सेकंद जातो, त्यात आणखी पाऊण मीटर. थोडक्यात, तीन मीटरच्या आत कोपऱ्यावरून राक्षस निघाला तर खेळाडू काहीही करो, पहिला वार बसणारच. मग खोली आखणाऱ्याशी बसून ठरवायचं की असे कोपरे किती ठेवायचे. बहुतेक ठिकाणी पाच-सहा मीटर द्यायचे, आणि एखाद्याच जागी दोन. नवशिके आराखडाकार आधी खोली रंगवतात आणि मग पात्राचे पाय ठरवतात. तिथेच काम दुप्पट होतं.

इथे एक भेद जपावा लागतो. शरीर सावकाश असलं तर खेळाडू सहन करतो, बटण बहिरं असलं तर करत नाही. खेळ सेकंदाला 30 चित्रं दाखवत असेल तर एका चित्राला 33 मिलिसेकंद मिळतात. बटण दाबल्यावर पहिल्या एक-दोन चित्रांत काहीतरी हललं पाहिजे, खांदा उचलला गेला पाहिजे, पट्ट्याचा आवाज आला पाहिजे. नेम पूर्ण व्हायला मग पाऊण सेकंद लागला तरी दोष पात्रावर जातो. पहिल्या चित्रांत काहीच झालं नाही तर दोष आमच्यावर येतो, आणि भीतीची जागा चीड घेते.

दुसरी खोच लक्षात ठेवलेल्या आज्ञांची. ॲक्शन गेममध्ये एक हालचाल चालू असताना दाबलेलं पुढचं बटण काही क्षण लक्षात ठेवतात, आणि हालचाल संपताच ते काम होतं. त्यामुळे खेळ चपळ वाटतो. भयाच्या खेळात हे जसंच्या तसं घेतलं तर घात होतो. घाबरलेला माणूस बटण एकदा दाबत नाही, चारदा बडवतो. त्या चारही आज्ञा लक्षात ठेवल्या तर मेलेल्या झॉम्बीवर तीन मौल्यवान गोळ्या वाया जातात आणि खेळाडूला वाटतं खेळाने फसवलं. म्हणून इथे ही आठवण अगदी तोकडी ठेवायची, आणि फक्त शेवटची आज्ञा धरायची.

शस्त्रच काढून घेणाऱ्या खेळांची वाट वेगळी आहे. 2010 च्या 'ॲम्नेशिया'मध्ये दार माऊसने धरून ओढावं लागतं, घाईत उलटं ढकललं जातं. 2013 च्या 'आउटलास्ट'मध्ये पळता पळता मागे वळून बघता येतं, पण तेवढा वेळ समोरचं दिसत नाही. कल्पना उत्तम आहेत, पण तो आजचा विषय नाही. आपल्याकडचा म्हणाल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये आणलेला 'राजी' आठवतो. तो भयाचा खेळ नाही, पण त्यातही कॅमेरा खेळाडूच्या हातात दिलेला नाही, आणि त्यामुळे हालचालीच्या दिशांचा तोच जुना प्रश्न त्यांनाही सोडवावा लागला असणार.

हातांबद्दल बोलायला हवं. नेमाचं बटण दाबून ठेवणं हे मी इतका वेळ सहज गृहीत धरलं. संधिवात असलेल्या, एकाच हाताने खेळणाऱ्या, थरथरत्या बोटांच्या माणसाला ते जमत नाही. राक्षसाने पकडलं की बटण भराभर बडवायचं, हाही याच प्रकारच्या खेळांचा जुना शौक. नॉटी डॉगच्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट 2'मध्ये 2020 साली अशा सोयींचे साठहून अधिक पर्याय होते: दाबून ठेवण्याऐवजी एकदा दाबून चालू-बंद करणं, बडवण्याऐवजी दाबून ठेवणं, बटणांची पूर्ण फेरमांडणी. यावर तक्रार ऐकू येते की मग भीती उरते कुठे. मला ही तक्रार कळत नाही. पाऊण सेकंद लागतो तो पात्राला, आणि तो तसाच आहे. पाय थांबतात ते पात्राचे. खेळणाऱ्याचं बोट दुखल्याने जे वाटतं ते भय नसतं, आणि ते खेळात असावं असं कुठल्या आराखड्यात कधी लिहिलेलंही नसतं.

शेवटचा मुद्दा आभासी वास्तवाचा (व्हीआरचा), म्हणजे डोळ्यांवर चढवायच्या त्या पेटीचा. 2017 चा 'रेसिडेंट इव्हिल 7' पात्राच्या डोळ्यांतून दिसतो आणि प्लेस्टेशनच्या व्हीआर पेटीतही खेळता येतो. तिथे स्टिकने सलग वळलं तर कित्येकांना मळमळतं, म्हणून ठराविक अंशांच्या टप्प्यांत खटाखट वळायची सोय दिली. जागच्या जागी, टप्प्याटप्प्याने वळणारं शरीर असं दुसऱ्या दाराने परत आलं, यंत्राच्या कमकुवतपणाऐवजी पोटाच्या कमकुवतपणामुळे. 2021 मध्ये 'रेसिडेंट इव्हिल 4'ची ऑक्युलस क्वेस्ट 2 साठी व्हीआर आवृत्ती आली. तिच्यात चालता चालता गोळी झाडता येते. पण पिस्तूल कमरेवरून आपल्याच हाताने काढायचं, रिकामं मॅगझिन टाकायचं, नवं खोचायचं, मागची सरक ओढायची. आम्ही तक्त्यात जी वेळ भरायचो ती आता खेळाडूच्या मनगटात आहे. कुणाला एक सेकंद लागतो, कुणाला चार, आणि घाबरल्यावर त्याच माणसाला सात. अशा वेळी गावकऱ्याने शेवटची पावलं किती सावकाश टाकायची हे आधीपासून ठरवता येत नाही. समोरच्याचे हात किती कापताहेत हे मोजून त्याला वेग कमी-जास्त करावा लागेल, आणि तो कमी केलाय हे खेळाडूला कळू द्यायचं नाही. मी सध्या याच गुंत्यात आहे. अध्यक्षांनी प्रश्नांसाठी अर्धा तास राखला आहे. मागच्या रांगेतल्या मुलांनी वही उघडली असेल तर त्यांच्यापासून सुरू करू.